मामांनी वाचलेला पेपर

छापलेल्या अक्षरावर आमच्या मामांनी जेवढा विश्वास ठेवला, तेवढा खुद्द ते अक्षर छापणाऱ्यांनीही कधी ठेवला नसेल. हे मामा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात, आणि आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावात तर ते लहानथोर सगळ्यांचेच मामा होते. मी शाळेसाठी सात वर्षं आत्याकडे राहिलो. पुढे साताऱ्याला मास्तरकी करायला लागलो तरी सुटी लागली की पाय तिकडेच वळायचे. मामा पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून आत्याची बोलणी खाण्यापेक्षा गावाच्या कामी यावं म्हणून त्यांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं: रोज सकाळी दूध डेअरीवर मोठ्याने पेपर वाचायचा. पेपरांचा गठ्ठा सांगलीहून पहिल्या एसटीने यायचा आणि त्यातला एक डेअरीचा असायचा. त्या वेळी निम्मं गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असायचं. दुधाची फॅट लागेपर्यंत दुसरं करायचं काय? सगळे मामांना ऐकायचे.

वाचायला बसण्याआधी मामा डेअरीच्या नळावर हात, पाय, तोंड असं साग्रसंगीत धुवायचे. चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून घालायचे आणि पेपराचं नाव, वार, तारीख, किंमत इथपासून सुरुवात करायचे. शेवट मुद्रक-प्रकाशकाच्या नावाने व्हायचा. मधलं काही गाळायचं नाही, हा नियम. मंत्र्यांचं भाषण, उसाचा दर, बाराच्या बारा राशी, निधनवार्ता, हरवलेल्या म्हशीची जाहिरात, सगळं एकाच सुरात. टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात ते इतक्या गांभीर्याने वाचायचे की डेअरीचे चेअरमन टोपी पुढे ओढून फॅटच्या नळ्यांत डोकं घालून बसायचे. एकदा रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मामा, राशी ऱ्हाऊ द्या की, आज उशीर झालाय." मामांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तीस वरसं लोकांची पत्रं वाचून दावली मी. ज्यांस्नी वाचाय येत न्हाई अशा आयाबायांस्नी. एक अक्षर कवा गाळलं न्हाई, एक पदरचं घातलं न्हाई. लिवणारा लिवतो, ऐकणारा ऐकतो. आपुन मधी कोण?" आणि पुन्हा कन्या राशीपासून पुढे चालू.

एकदा पेपरात एसटीचं नवं वेळापत्रक आलं. त्यात आमची सकाळी साडेसातची मिरज गाडी साडेआठची म्हणून पडली. मामांनी ते डेअरीवर वाचलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला गाडी आली, तर स्टँडवर चिटपाखरू नाही. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारतोय आणि समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलेले मामा त्याला हात हलवून सांगतायत, "आवं जावा, लौकर आलाय तुमी!" साडेआठला सगळं गाव पिशव्या घेऊन हजर. दहा वाजले, ऊन डोक्यावर आलं, तरी मामांचं एकच, "छापून आलंय म्हंजे यील की." दवाखान्याची तारीख असलेल्या दोन म्हाताऱ्या कंटाळून माघारी गेल्या. पण गंमत अशी, की मामांना कुणी बोल लावला नाही. सगळ्या गावाने शिव्या दिल्या त्या कंडक्टरला. आत्या तेवढी भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या पेपरात आलं की ह्यांचं लगीनच झालं न्हाई, तर मला सांजच्या गाडीनं म्हायेरी पोचवून येतील." मामा जेवता जेवता थांबले आणि अगदी विचार करून म्हणाले, "तसं कसं छापतील?"

मामांना जिवाभावाचा दोस्त एकच, शेजारच्या गल्लीतले सुभेदार. सुभेदार फौजेत असताना सरहद्दीवरून आईला पत्रं लिहायचे, आणि ती पत्रं तिला वाचून दाखवायचे मामा. लढाईच्या दिवसांत दीड महिना पत्र आलं नव्हतं, तेव्हा ती माउली रोज पोस्टाच्या पायरीवर येऊन बसायची म्हणे. शेवटी पत्र आलं आणि मामांनी 'मी खुशाल आहे' एवढं वाचलं, तर तिने ते तीनदा वाचायला लावलं. पेन्शन घेऊन सुभेदार गावी आल्यावर हे दोघे रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसायचे. एक बोलायचा, दुसरा हुंकार द्यायचा. सुभेदार अंगाने आडवे, आवाजाने दणदणीत, पण त्यांची एकुलती एक मुलगी गेली तेव्हापासून त्यांचा आवाज बसला तो बसलाच. ती बाळंतपणाला आली होती. गावातलं आरोग्य उपकेंद्र बांधून तयार होतं, दाराला कुलूप होतं, आणि नर्सची नेमणूक कागदावर होती. रात्री जीप मिळेपर्यंत उशीर झाला आणि मिरजेच्या अलीकडेच सगळं संपलं. पुढे पंचायत समितीची निवडणूक लागली, तेव्हा सुभेदारांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. कपबशी हे चिन्ह मिळालं. सभेत ते एकच वाक्य बोलायचे, "मला निवडून दिलासा तर मी त्ये कुलूप काढीन. दुसरं मला काय येत न्हाई."

समोर होते आमच्या भागाचे साहेब. त्यांची सगळीकडे वट होती, आणि पेपरात तर फारच. निवडणुकीआधी महिनाभर साहेबांचा फोटो रोज पहिल्या पानावर. कधी बंधाऱ्याचं भूमिपूजन, कधी कुस्तीच्या मैदानाचं उद्घाटन. वाढदिवसाला तर चार पानांची पुरवणी निघाली, आणि शुभेच्छुकांची नावं गावागणिक छापलेली. सुभेदारांच्या सभेला आष्ट्यात चांगली गर्दी झाली, त्याच्या बातमीला मिळाल्या तीन ओळी, त्याही विहीर खुदाईच्या जाहिरातीखाली. मामा आपले नियमाला पक्के. साहेबांची पुरवणी शुभेच्छुकांसकट वाचायला त्यांना दोन सकाळी लागल्या, आणि सुभेदारांच्या तीन ओळी किटलीचं झाकण लावेपर्यंत संपल्या. घरी मात्र चहा आला की मामा कप बाजूला ठेवून मला म्हणायचे, "मास्तर, मत कपबशीलाच." आपण रोज सकाळी तासभर साहेबांचा प्रचार करतोय, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. महिना संपता संपता डेअरीच्या रांगेतली माणसं म्हणायला लागली, "सायेबांचं वारं हाय." तरीही सुभेदार निवडून येतील असंच वाटत होतं, कारण उपकेंद्राच्या कुलपाला ज्यांनी ज्यांनी हात लावून पाहिला होता ती घरं आसपासच्या प्रत्येक गावात होती.

मतदानाला दोन दिवस असताना सुभेदारांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स निघालं. संध्याकाळच्या गाडीने सुभेदार त्यांना मिरजेला घेऊन गेले. मामा आणि मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. मी तेव्हा सुटीवर आलो होतो म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. गाडीत चढता चढता सुभेदार मामांना म्हणाले, "परवा मतदानाला येतूच. तवर तुमी हाय म्हंजे मी हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. पहिल्याच पानावर, चौकटीत, बातमी: पत्नीच्या आजारपणामुळे अपक्ष उमेदवार सुभेदारांची माघार, साहेबांना जाहीर पाठिंबा, असे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. मामा वाचता वाचता थबकले. त्यांनी चष्मा काढून सोग्याला पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी ती बातमी वाचली, जशी इतर बातम्या वाचायचे तशीच, अथपासून इतिपर्यंत. 'असे समजते' हेही त्यांनी गाळलं नाही. पण मामांच्या तोंडून आलेलं 'समजते' लोकांना 'झाले' असंच ऐकू जायचं. रांगेत कुजबूज झाली. कुणी हळहळलं, कुणी म्हणालं, "आता बायकूकडं बघंल का मतांकडं? बरोबर केलं." आणि दुधाबरोबर ती बातमी घरोघर, वाड्यावस्त्यांवर गेली.

मी मामांना बाजूला घेऊन म्हणालो, "मामा, काल तर ते येतो म्हणाले. पोस्टातून दवाखान्यात फोन लावून बघायचा का?" मामांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "त्याच्यावर काय परसंग आलाय, आनि आपुन फोन करून इचारायचं, का रं बाबा माघार घितलीस? जखमंवर मीठ चोळायचं व्हय?" मला ते पटलं नव्हतं. पण मी फोन लावला नाही. वडीलधाऱ्या माणसापुढे जीभ रेटायची नाही या आपल्या संस्काराने मी जेवढा पुण्यवान झालो असेन नसेन, त्या एका सकाळी मात्र पापाचा वाटेकरी झालो, आणि ते मला आजही टोचतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी सुभेदार मिरजेहून आले ते थेट शाळेतल्या मतदान केंद्रावर. बाहेर झाडाखाली बसलेल्यांपैकी एक म्हातारा उठून त्यांचा हात धरून म्हणाला, "वैनी बऱ्या हायत न्हवं? माघार घितलीसा त्ये बेस केलं." सुभेदारांना काही कळेना. "कोण म्हणालं माघार घितली?" "पेपरात आलं की. मामांनी वाचलं." तेवढ्यात मत देऊन मामा बाहेर आले, बोटावर शाई. दोस्ताचाच पाठिंबा आहे असं समजून त्यांनी शिक्का साहेबांवर मारला होता. दोघे समोरासमोर उभे राहिले. सुभेदार ओरडले नाहीत. म्हणाले, "स्टँडावर मी तुमास्नी काय सांगितलं हुतं?" मामा चाचरत म्हणाले, "पर... छापून आलं हुतं सुभेदार." "माजी आई तुमच्या तोंडून माजी खुशाली ऐकायची," सुभेदार म्हणाले. "आनि तुमी मला सोडून कागुद खरा धरलासा?" एवढं बोलून ते आत गेले, मत दिलं आणि आल्या गाडीने मिरजेला परत गेले. ते पडले. डेअरीच्या एका सकाळच्या रांगेत जेवढी माणसं असतात, तेवढ्याच मतांनी पडले. उपकेंद्राचं कुलूप तसंच राहिलं.

मामा तीन वेळा सांगलीला त्या पेपराच्या कचेरीत गेले. पहिल्या दोन वेळा कुणी भेटलं नाही. तिसऱ्यांदा एका तरुण उपसंपादकाने त्यांना चहा पाजला आणि 'समजते' या शब्दावर बोट ठेवून दाखवलं. निकालानंतर पंधरा दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला. मामांनी तो डेअरीवर वाचला. रांग क्रिकेटवर बोलत होती. दुसऱ्या दिवशी मामांनी तोच जुना पेपर घडीतून काढून पुन्हा खुलासा वाचला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी कुणीतरी हसलं. ज्या माणसाने जन्मात एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं, तो त्या दिवशी पेपर मिटून पदरचं बोलला, "बाबांनो, चूक माजी हाय." लोक म्हणाले, "असू द्या मामा, झालं गेलं गंगेला मिळालं." लोकांचं काय जात होतं? मामांनी डेअरीवर जायचं सोडलं. सुभेदार त्यांच्याशी पुढे कधीच बोलले नाहीत. मामा रोज संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि अंधार पडला की उठून घरी यायचे.

वर्षभराने मी त्यांना आणि आत्याला साताऱ्याला माझ्याकडे घेऊन आलो. घरात पेपर यायचा, पण मामा त्याला शिवायचे नाहीत. कुणी काही वाचून सांगितलं की म्हणायचे, "असंल." एके दिवशी सकाळी सांगलीकडच्या पानावर मला सुभेदारांची निधनवार्ता दिसली. मी ती मामांना कशी सांगावी याचा विचार करत होतो, तेवढ्यात माझा चेहरा बघून आत्याने काय ते विचारून घेतलं आणि तिनेच सांगून टाकलं. मामा अंघोळ करून आले, टोपी घातली, आणि म्हणाले, "खोटं छापलंय. चल मास्तर, बघून यिऊ." साताऱ्यापासून गावापर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत बसले होते. कऱ्हाडच्या पुढे एकदा म्हणाले, "माघारीचं तरी कुटं खरं हुतं?" त्यांच्या त्या आशेला धक्का लावायची माझी हिंमत झाली नाही.

सुभेदारांच्या दारात माणसं बसलेली होती, आणि ती बघून मामा उंबऱ्याबाहेरच थांबले. वहिनी आतून आल्या. मामांनी विचारलं, "खरं हाय व्हय?" वहिनी म्हणाल्या, "व्हय भावजी." मामा तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते हातात तसंच राहिलं. बऱ्याच वेळाने, निघायच्या बेताला, त्यांनी वहिनींना विचारलं, "रक्षाविसर्जन कवा हाय?"

"पेपरात दिलंय की, भावजी."

"न्हाई वैनी," मामा म्हणाले. "तुमी सांगा."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि वार, वेळ, नदीचा घाट, सगळं सावकाश सांगितलं. मामा मान खाली घालून ऐकत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "आनि एकदा सांगा."