चिनी साहेबाचा चष्मा

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा हे गाव मला फार सुंदर वाटलं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभं राहिलं की देऊळ पाण्यावर हलकेच तरंगायचं. किल्ल्याचा तट धुरासारखा विरत जायचा. गड्ड्याच्या जत्रेत प्रत्येक दिव्याभोवती झेंडूएवढं पिवळं फूल उमलायचं आणि माणसं अगदी जवळ येईपर्यंत नुसते चालते रंग असायचे. सगळ्यांना असंच दिसतं, अशी माझी समजूत होती. वैरागचं माझं माहेर इतकं लहान होतं की तिथं सगळंच हाताच्या अंतरावर असे, त्यामुळे यात काही वावगं आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही.

सासरी मात्र नवी सून गर्विष्ठ आहे, हे पहिल्या महिन्यातच ठरून गेलं. देवळात समोरून कोणी हसलं तर मी हसायची नाही, कारण ते हसू मला दिसायचंच नाही. सासूबाई म्हणायच्या, "नाकाचा शेंडा बघा केवढा वर आहे!" माझं नाक चपटं आहे, पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती. आमचे हे पुण्याला शिकायला, तेव्हा माझ्या बाजूनं बोलणारंही घरात कोणी नाही.

अशात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला सगळं घर मावशी म्हणायचं आणि त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती, म्हणून लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून त्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या होत्या. एरवी त्या जागी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सोवळ्या बाई बसत, लाल आलवण नेसून. मी करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत गेले, कोपऱ्यातला तो लाल आकार पाहिला आणि तिथूनच मागे वळले. नवरा जिवंत असलेल्या बाईला मी विधवा समजून वगळलं होतं! मावशी उठल्या आणि तडक निघून गेल्या.

"रथसप्तमी झाली की वैरागला जायचं," सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं, "आणि बोलावल्याशिवाय परत यायचं नाही." या बोलण्याचा अर्थ तेव्हा शेंबड्या पोरीलाही कळत असे. मी खूप रडले. डोळ्यांत पाणी असताना दिवे आणखीच मोठे फुलतात, हे मला तेव्हाच कळलं.

खरी गोम ओळखली ती मामंजींनी. सासरे शाळेत मास्तर होते. फडताळात घातलेलं जुनं वर्तमानपत्र मी नाक टेकवून वाचत होते, ते त्यांनी बघितलं. "सूनबाई, त्या कोनाड्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मांजर," मी म्हणाले.

ती त्यांची काळी टोपी होती. मामंजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी टांगा बोलावून ते मला विणकरांच्या वस्तीत घेऊन गेले.

तिथं चिनी साहेबाची धर्मादाय संस्था होती. साहेब जन्मानं चिनी, पण वाढलेला अमेरिकेत. तिकडे धंद्यात त्यानं रग्गड कमावलं होतं. कापडाच्या सौद्यासाठी सोलापुरात आला, तेव्हा त्यानं पाहिलं की चांगले कसलेले विणकर केवळ धागा दिसेनासा झाला म्हणून माग सोडून ओट्यावर बसून आहेत. त्याची आईही म्हणे अंधाऱ्या खोलीत शिवणकाम करून आंधळी झाली होती. त्यानं स्वतःच्या पैशानं दोन खोल्या घेतल्या, मुंबईचा डॉक्टर ठेवला आणि फुकट चष्मे द्यायला सुरुवात केली. हा माणूस चीनचा की अमेरिकेचा, यावर गावात वाद रंगायचे. त्याला विचारलं तर तो दोन्हीकडे मान हलवायचा.

त्या खोलीत मला एकदम बरं वाटलं. भिंतीला टेकून बसलेली सगळी माणसं माझ्यासारखीच अर्धवट मिटल्या डोळ्यांनी जगाकडे बघत होती. बाहेर मागांची खटखट चालू होती आणि तिच्या तालावर पेंग येत होती. एका म्हाताऱ्याला नुकताच चष्मा मिळाला होता. तो आपलाच तळहात बघत म्हणाला, "लई भेगा हायत की हितं!" आणि खुदकन हसला.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टर अडून बसला. चष्मा फक्त मागावर काम करणाऱ्यांना, असा नियम होता. साहेबानं त्याच्याकरवी विचारलं, "या बाई डोळ्यांनी काय काम करतात?" मामंजी नुसतेच खाकरले. सासऱ्यांसमोर परपुरुषाशी बोलायची रीत नव्हती, पण माझा संताप संताप झाला होता.

"माणसं ओळखायचं काम करते," मी म्हणाले. "ते जमत नाही म्हणून मला घालवून देताहेत."

डॉक्टरनं ते साहेबाला सांगितलं. मग माझ्या नाकावर एक जड चौकट बसली आणि तिच्यात एकामागून एक भिंगं पडत गेली. अचानक खोलीच्या पार टोकाला बसलेल्या साहेबाचा चेहरा मला दिसला. तो काळजीनं माझ्याकडे बघत होता. इतक्या लांबून माणसाच्या मनातलं दिसतं! इतर लोक रोज हे बघत असतात आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. मला साहेबाचा, डॉक्टरचा, साऱ्या जगाचा राग आला आणि आनंदानं रडूही आलं.

रथसप्तमी तोंडावर आली आणि मुंबईहून माझा चष्मा आला. त्याच दिवशी मावशींचे यजमान गेले.

घरात कोणी बोललं नाही, पण सगळ्यांचे चेहरे आता मला दिसत होते. शेवटी सासूबाई बोलल्याच, "हिनंच त्या दिवशी कुंकवाला वगळलं होतं."

दोन दिवसांनी आम्ही मावशींना भेटायला गेलो. नव्या विधवेचं तोंड सवाष्णींनी पाहू नये, असं तेव्हा मानत. सासूबाईंनी मला बजावलं होतं, मान खाली. खोली बायकांनी भरली होती. कोणी भिंतीकडे बघत होतं, कोणी पायाच्या अंगठ्याकडे. भीतीनं मी चष्मा काढून मुठीत धरला. सगळं पुन्हा मऊ, धूसर झालं. त्या धुक्यातूनच आवाज आला, "माझ्या बहिणीची सून ना गं तू? इकडे ये."

मी पुढे होऊन बसले.

"त्या दिवशी तुला दिसत नव्हतं, असं मास्तर सांगून गेले."

"खरंच दिसत नव्हतं, मावशी."

"आणि आता?"

"चष्मा लावला की दिसतं."

"मग लाव की. हे गेल्यापासून या घरात माझ्या तोंडाकडे कोणी बघितलेलं नाही. सख्ख्या बहिणीनंसुद्धा."

सासूबाई मागून माझा पदर ओढत होत्या. मी चष्मा लावला आणि बघितलं. कपाळ मोकळं होतं, डोळे सुजले होते, आणि त्या लहान मुलीसारख्या घाबरल्या होत्या. मी नजर खाली घेतली नाही. मावशींनी माझा हात घट्ट धरला आणि माझ्या खांद्यावरून सासूबाईंना म्हणाल्या, "हिला वैरागला पाठवू नकोस. माझ्याकडे बघणारं कोणीतरी राहू दे."