पॉलिशवाल्याचं डोकं आणि आक्काची बोटं

चौदा माणसं ऐसपैस बसतील एवढं लांब टेबल, आणि तेही काळं. काळं म्हणजे नुसता काळा रंग फासलेलं नव्हे. आत खोल उतरत गेलेलं काळं, वर दिवा धरला तर खाली दुसरा दिवा बुडालेला दिसावा असं. हे काम अख्ख्या कारखान्यात एकालाच जमायचं, तो म्हणजे पॉलिशवाला. वय बावन्न. लाकडाशी लाडीगोडीनं बोलणारा, माणसांशी मात्र कारण असल्याशिवाय न बोलणारा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडात बांधलेला कापसाचा बोळा आणि स्वतःचं मनगट, एवढ्या भांडवलावर त्यानं तीस वर्षं काढली होती. त्याच्या खोलीत शिरताना मालकसुद्धा जोडे दोनदा पुसत.

आणि त्याच टेबलावर कण दिसायला लागले. बारीक, पांढरे, मिठासारखे. पॉलिशचा शेवटचा हात मारावा, तिरपा उजेड टाकून बघावं, की हे हजर. खरवडून पुन्हा हात मारला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मालक स्वतः आले. ओरडले असते तर बरं झालं असतं, ते हळू बोलले.

"मिस्त्री, टेबल महिनाअखेरीला न्यायला येणार आहेत. आता पुन्हा असं झालं तर शेवटचा हात मी बाहेरच्या माणसाकडून मारून घेईन. तुम्ही मग घासकामाला बसा."

घासकाम! नवीन आलेल्या पोरासोरांना पहिल्या दिवशी जे देतात ते. पॉलिशवाला त्या दिवशी जेवला नाही.

मग तो धुळीच्या मागे हात धुऊन लागला. खिडक्यांच्या फटी कागदानं बुजवल्या, फरशी दिवसातून चार वेळा ओली केली, दारावर ओली चादर टांगली. तरीही कण आलेच. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या सुतारावर त्यानं उघड आरोप केला, की रंध्याचा भुसा मुद्दाम इकडे सोडतोस.

सुतार भांडायलाच आला होता, पण येताना हातदिवा घेऊन आला. पॉलिशवाला टेबलावर वाकून एका हातानं डोकं खाजवत होता. सुतारानं दिवा तिरपा धरला आणि एकदम थांबला.

"मिस्त्री, हलू नका. आता पुन्हा खाजवा बघू."

"काय लावलंय हे?"

"खाजवा हो!"

पॉलिशवाल्यानं खाजवलं. दिव्याच्या उजेडात त्याच्या केसांतून पांढरी भुकटी अलगद तरंगत खाली आली आणि काळ्याभोर लाकडावर टेकली.

"अहो, तुमचंच डोकं पेरणी करतंय की!" सुतार म्हणाला. "आणि मी गरीब उगाच चोर."

दोष पॉलिशवाल्याचाच होता. रोज संध्याकाळी केसांवर बसलेली लाख काढायला तो कपड्यांचा साबण घासायचा, आणि जिथे चिकटून राही तिथे चक्क स्पिरिटचा बोळा फिरवायचा. लाख निघायची, आणि तिच्याबरोबर डोक्यावरचा ओलावाही निघायचा.

तरी आता शहाण्यासारखं वागेल तर तो पॉलिशवाला कसला? कोरडं लाकूड त्यानं जन्मभर जवसाच्या तेलानं तरारताना पाहिलं होतं. डोकं कोरडं पडलंय, उपाय समोरच्या फळीवर आहे. डब्यावर स्वच्छ लिहिलेलं, जवसाचं तेल. झाडाचं, निर्मळ. त्या संध्याकाळी त्यानं ते ओंजळभर घेऊन डोक्यात जिरवलं. पॉलिशवाले हे उकळलेलं तेल वापरतात ते वाळून घट्ट होतं म्हणूनच, ही गोष्ट ज्याला सगळ्यांत आधी आठवायला हवी होती, त्यालाच ती आठवली नाही. सकाळी तो उठला तेव्हा उशीही त्याच्याबरोबर उठली.

बायकोनं दारातून बघितलं, जवळ येऊन केसांवर टकटक केलं. "आता वरून दोन हात लाखेचे मारा," ती म्हणाली, "आणि ठेवा विकायला. नाहीतर आक्कांकडे जा."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. एका वृद्धाश्रमात तीस वर्षं तिचं काम एकच, माणसांना न्हाऊमाखू घालायचं. अंथरुणाला खिळलेल्यांची डोकी धुवायची, तेल लावायचं, विंचरायचं. तिथे एक बाई होत्या, मुलं भेटायला आली तरी ओळख न देणाऱ्या. आक्काचं बोट कानामागे लागलं की त्या मान पुढे करायच्या. निवृत्त झाल्यावरही लोक तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसत. पॉलिशवाल्याला हे सगळं ऐकून माहीत होतं, आणि 'डोक्याला तेल तर कुणीही लावतं' असंही त्याचं मत होतं.

आक्का आधी पोटभर हसली. मग वास घेतला.

"अरे गाढवा, हे दारांना लावायचं!"

"पण नैसर्गिक आहे ना आक्का? भेसळ नाही काही."

"विंचवात तरी कुठे भेसळ असते? बस खाली."

चिकट झालेलं तेल तिनं कोमट खोबरेल लावून लावून सैल केलं, दोन दुपारी घालवल्या, आणि जे सुटेना ते कात्रीनं उडवलं. पॉलिशवाल्याचं डोकं झिजलेल्या ब्रशासारखं दिसायला लागलं. मग तिनं त्याला खिडकीशी बसवलं, कंगव्याच्या टोकानं एकेक भांग पाडला आणि इतका वेळ बघत राहिली, की त्याला वाटलं ही झोपली.

"पू, पाणी काही येतं का? आग होते?"

"नाही. खाज तेवढी."

"पापुद्रे सुके आहेत, बारीक आहेत. बरंय. पिवळट, तेलकट असते तर मी हात लावला नसता, सरळ डॉक्टरकडे पिटाळलं असतं. तसल्याला तेल घातलं की ते आणखी माजतं. एका आजोबांना मी घातलं होतं सुरुवातीला, अगदी मायेनं. डोकं सोलून निघालं बिचाऱ्यांचं. डॉक्टर मला बोलले, आणि बरोबर बोलले. तेव्हापासून आधी बघते. निम्म्यांना तर तेल न लावताच परत पाठवते."

पॉलिशवालाही लाकडाला हात लावण्याआधी असाच, तिरप्या उजेडात, तासभर बघत बसायचा. ह्या सवयीबद्दल आजवर त्याला सगळ्यांनी नावं ठेवली होती.

आक्कानं बदामाच्या तेलाचा एक थेंब त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला. "आता जा. उद्या ये. लाल झालं नाही तर लावू."

"आक्का, टेबल महिनाअखेरीला..."

"टेबलाला सांग, दम धर."

दुसऱ्या दिवशी कोपर जसाच्या तसा होता. आक्कानं वाटी गरम पाण्यात ठेवली, विस्तवावर नाही. तेल किती, तर चमचाभर. त्याला ते फसवणूक वाटलं. मग बोटं टेकली, आणि त्याचं मन बोलायचं थांबलं.

नखं नाहीत, घासणं नाही. बोटांची पेरं आधी छोटी वर्तुळं काढत भोवऱ्याभोवती फिरली. मग तीच बोटं आठाचा आकडा काढत कानांकडे उतरली. मग कपाळापासून मानेपर्यंत एक लांब, सरळ ओढ, मध्ये कुठेही न थांबता. पॉलिशवाला मनात मोजत होता. वर्तुळ, आठ, सरळ ओढ. बोळा असाच फिरतो! तो फिरवायला शिकताना त्यानं उस्तादाच्या तीन वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. बोळा मध्ये थांबला की डाग पडतो. त्यालाही तेलाचा एकच थेंब लागतो, सरकायला. एका घरात वाढलेली दोन भावंडं, एक लाकडावर, एक माणसांवर, तीस वर्षं तेच गिरवत होती आणि दोघांना पत्ता नव्हता.

"तुला हे कुणी शिकवलं, आक्का?"

"कुणी कशाला शिकवेल? थांबलं की त्या म्हाताऱ्यांना दुखायचं. मग थांबायचं नाही एवढं कळलं." आणि जरा वेळानं, "तुझं डावीकडचं डोकं जास्त ताणलेलं आहे. त्याच बाजूला वाकून काम करतोस ना?"

तिनं त्याला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला थोडी भीतीच वाटली.

पण खरी अडचण पुढेच होती. पॉलिशच्या खोलीत परक्या तेलाचा कण गेला तर लाख तिथे धरत नाही, वाटोळा खड्डा पडतो. कण टाळायला जावं आणि खड्डे पदरी यावेत! आक्कानं ऐकून घेतलं आणि नेम ठरवला. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी तासभर तेल, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण, कपड्यांचा साबण आणि स्पिरिट बंद. सकाळी कामावर जाण्याआधी तिच्याकडे यायचं. ती पांढरा रुमाल त्याच्या डोक्यावर दाबून धरायची आणि उजेडात बघायची. डाग दिसला की पुन्हा न्हाणीघरात. बावन्न वर्षांचा माणूस, ज्याच्यापुढे मालक जोडे पुसतात, तो बहिणीसमोर मान खाली घालून रुमालाचा निकाल ऐकायचा.

पहिल्या आठवड्यात कण दुप्पट झाले. तो धावतच आला.

"वाढलंय हे!"

"वाढलं नाही, सुटतंय. बसलेलं निघणारच ना? बाळ्या, लाकडाला एवढा धीर धरतोस, तो कुठे ठेवून येतोस रे?"

दुसऱ्या आठवड्यात खाज गेली. तिसऱ्यात आक्कानं खिडकीशी बसवून पुन्हा सगळे भांग पाडले, आणि एकही पापुद्रा सापडला नाही तेव्हा कंगवा खाली ठेवला.

शेवटचा हात मारायच्या दिवशी त्यानं डोक्याला धुतलेलं कापड बांधलं. सुतारानं आपण होऊन सकाळपासून रंधा बंद ठेवला होता. वर्तुळं, आठ, मग चौदा माणसांच्या लांबीची सरळ ओढ, टेबलाच्या कडेनं चालत, श्वास धरून. दुसऱ्या दिवशी मालक दिवा घेऊन आले. इकडून तिकडे गेले, तिकडून इकडे आले, गुडघ्यावर बसून कडेनं बघितलं.

"उद्या न्यायला येतील," ते म्हणाले. "खोली तुमची, मिस्त्री. तिची किल्लीही तुमच्याकडेच ठेवा." आणि पाय न वाजवता निघून गेले.

दुपारी पॉलिशवाला आक्काला घेऊन आला. तिनं उंबऱ्यावर पाय पुसले, दोन पावलं आत आली आणि तिथेच उभी राहिली. टेबलात खिडकी होती, खिडकीत आभाळ, आभाळाच्या कडेला ती स्वतः.

"हे... लाकूड आहे?" तिनं इतक्या हळू विचारलं, की जणू कुणी झोपलंय.

"लाकूडच."

"एवढं खोल?"

तिचा हात पुढे झाला आणि लगेच मागे आला. "नको. तेलाचे हात माझे. डाग पडेल."

त्या टेबलाला मालकालाही बोट लावू दिलं नव्हतं त्यानं. "लाव," तो म्हणाला.

आक्कानं पाचही बोटं टेकवली, अगदी पेरांनी, आणि भोवरा शोधावा तशी हळूच फिरवली. उचलली तेव्हा मागे पाच धूसर ठसे राहिले. दारात सुतार तोंड वासून उभा होता. खांद्यावर कापड होतं, तरी पॉलिशवाला ठसे पुसत नव्हता.