सत्यशीला बाईंनी वगळलेलं वाक्य

सत्यशीला बाईंची नोकरी चौतीस वर्षांची. त्यातली शेवटची अकरा वर्षं एकाच शाळेत गेली. जाफराबादच्या अंगाला, पाचवीपर्यंतची, दोनशिक्षकी. दुसऱ्या गुरुजींना गाव नावानं ओळखायचं, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या सत्यशीला बाईच. त्यांच्या हाताखालचं पोर दिवाळीपर्यंत वाचायला लागतं, असा लौकिक होता आणि बाईंना तो चांगला माहीत होता. लहानपणी घनसावंगीकडं आईबरोबर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून त्या शाळेला जायच्या, आणि वर्गात त्यांचा डोळा एकदाही लागला नव्हता. हे त्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगायच्या.

त्यांची माझी गाठ पडली ती गेल्या सप्टेंबरात, शिक्षण परिषदेत. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, त्याला हे नाव. त्या वेळी नवीन प्रकार होता. प्रत्येकानं आपल्या वर्गात घडलेला एक प्रसंग पानभर लिहून आणायचा, बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची, आणि मग तो नाटकासारखा करून बघायचा. ते नाटक करून घेण्यापुरतं मला बोलावलं होतं. अटी दोनच. प्रसंग खरा हवा आणि मुलाचं नाव बदललेलं हवं. लिहिणाऱ्याचं नाव कागदावर नसायचं.

बाईंचं अक्षर छापल्यासारखं. पाचवीतली प्रिया वर्गात रोज झोपते, असं त्यांनी लिहिलं होतं. शिक्षिकेनं तिला तोंड धुवायला पाठवलं, पुढच्या रांगेत बसवलं, पालकांना तीनदा निरोप धाडला. पालक आले नाहीत. एके दिवशी प्रियानं शाळेत येणंच बंद केलं. शिक्षिकेनं काय करावं?

ही शिक्षिका म्हणजे बाई स्वतःच, हे खोलीतल्या चाळीस जणांत कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

चर्चा रंगली. भुजंग सर म्हणजे परिषदेतले हजरजबाबी गृहस्थ. ते म्हणाले, तीन निरोप धाडले म्हणजे बाईनं लईच केलं, आपण तर एकावरच थांबलो असतो. मंडळी हसली. कुणी पालकांना बोल लावला, कुणी मोबाइलला. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की शिक्षिकेचं काही चुकलेलं नाही. बाई दाराशेजारच्या बाकावर ताठ बसून ऐकत होत्या. मग एकदम त्यांनी विचारलं, “हे इतिवृत्तात बराबर लिहून घेताय ना?” लिहिणाऱ्या मॅडमनी मान डोलावली. बाईंनी पदरानं कपाळ टिपलं आणि पहिल्यांदाच बाकाला पाठ टेकली.

मग चिठ्ठ्या टाकल्या. शिक्षिकेची चिठ्ठी भुजंग सरांना आली, प्रियाची सत्यशीला बाईंना. बाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला तरी द्या. पण कुणी ऐकेना. नाइलाजानं त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि गुडघ्यावर डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. भुजंग सरांनी खडू घेतला, फळ्यावर दोन बेरजा लिहिल्या, वळून बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

“ओ महाराणी. झोपायचंच असंल तर घरी झोप की. इथं कशाला येती?”

खोली खदखदून हसली. कागदावर हे वाक्य नव्हतं, सरांच्या तोंडून सहज आलं होतं.

बाईंनी बराच वेळ डोकं वर केलं नाही. मग त्या उठल्या. कुणाकडं न बघता पिशवी खांद्याला लावली, दारातल्या चपला हातात उचलल्या आणि बाहेर गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, बाई तर कलाकार निघाल्या. टाळ्या मीही वाजवल्या.

पुढचा प्रसंग सुरू करायचा म्हणून मी त्यांना बोलवायला गेले, तर त्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. चपला अजून हातातच.

“भुजंग सरांना कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“काय सांगितलं, बाई?”

“मी हेच म्हणले होते तिला. सगळ्या वर्गासमोर. पोरं अशीच हसली होती.”

मी म्हटलं, सरांना काही ठाऊक नसणार, ते आपलं बोलून गेले. सगळेच बोलतात असं.

“म्हणून तर मी लिहिलं न्हाई. म्हटलं, यात लिहिण्यासारखं काय.” त्यांनी चपला खाली टाकल्या. “दुसऱ्या दिवसापासून ती आली न्हाई. मी सांगितलं तसंच केलं तिनं.”

मग त्यांनी मला प्रियाचं खरं नाव सांगितलं, दैवशाला. तिची आई तुळजाबाई मिरचीच्या बियाणाच्या शेडनेटात क्रॉसिंगच्या कामाला जायची. उमलायच्या आत कळी उघडून चिमट्यानं आतलं केसर काढायचं आणि दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. काम नाजूक, बोटं बारीक असली तर बरं. दैवशाला पहाटे पाचला आईबरोबर जायची, दहाला शाळेत यायची, संध्याकाळी पुन्हा शेडनेट. बाईंना हे माहीत होतं का, असं मी विचारलं.

“गावातल्या निम्म्या पोरी जातात. माहीत न्हाई कसं? विचारलं न्हाई, एवढंच.”

पुढचं त्यांनी मला फोनवर सांगितलं. परिषदेनंतरच्या सोमवारी सकाळी सहाला त्या शेडनेटावर गेल्या. हिरव्या जाळीखाली बायका ओळीनं वाकलेल्या होत्या, त्यांच्यात दैवशाला. तुळजाबाईंनी बाईंना बघितलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, आता कशाला आलात बाई, पोरगी तर कवाच घरी बसली. बाई तशाच पोरीजवळ गेल्या. तिच्यासारखीच एक कळी त्यांनी बोटांत धरली.

“असं न्हाई, बाई,” दैवशाला म्हणाली. “नख लागलं की कळी गळून जाती.”

बाईंनी हात मागं घेतला. म्हणाल्या, “दैवशाला, माझं चुकलं. उद्यापासून ये. झोप आली तर झोप वर्गात, मी बिलकुल बोलणार न्हाई.”

पोरीनं हातातली कळी पुरी केली. मग म्हणाली, “आता न्हाई येत झोप. सवय झाली.” आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

बाई त्यानंतरही जात राहिल्या. कधी पुस्तक नेलं, कधी वर्गातल्या मीनाला सोबत नेलं. दोघी मैत्रिणी एकमेकींकडं बघून लाजल्या. मला बाईंनी फोन करून सांगितलं की प्रसंगाच्या कागदात ते वाक्य घाला, आणि इतिवृत्तातलं ‘चूक आढळली नाही’ काढा. कागद मी बदलला. इतिवृत्तावर सह्या झाल्या होत्या, ते तसंच राहिलं.

दिवाळी झाल्यावर तुळजाबाई शाळेत आल्या. दैवशालाला बुलढाण्याकडं मामाच्या गावी ठेवायचं ठरलं होतं. तिकडं शेडनेटं जास्त. शाळेत नाव टाकू, म्हणाल्या, जाईल तेव्हा जाईल. दाखला पाहिजे होता. शाळेचा पदभार बाईंकडंच, त्यामुळं दाखला त्यांनीच लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक सगळं भरलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबलं.

दुसरे गुरुजी शेजारी उभे होते. त्यांना वाटलं, बाई विसरल्या. हळूच म्हणाले, “पालकांच्या विनंतीवरून. तेच असतं बाई, सगळ्यांचं.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांनी तुळजाबाईंना विचारलं, “कारण काय लिहू?”

“तुमी लिहाल ते, बाई. मला कुठं वाचता येतंय.”

बाईंनी छापल्यासारख्या अक्षरात ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिलं आणि कागद तुळजाबाईंकडं वळवला. अंगठा कुठं द्यायचा, ते तिथं बोट ठेवून दाखवलं.