लोणच्याच्या लेबलवरची बाई

विलेपार्ल्यात आम्ही काही हौशी मंडळी जुन्या छापील जाहिराती, लेबलं, हँडबिलं जमवून जपतो. काल कुणीतरी दिलेलं एक खोकं उघडलं आणि शाई-रॉकेलचा वास आला. मला मरोळचा छापखाना आठवला. बाबा तिथे कागद कापायच्या मशीनवर होते.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी म्हणून बाबांबरोबर गेले होते. लोणच्याच्या लेबलांचे ओले कागद मशीनमधून बाहेर पडत होते. प्रत्येक लेबलवर तीच हसरी बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. छपाई करणारे सावंतकाका एकेक कागद उजेडात धरून ते कुंकू बघायचे. जरा सरकलेलं दिसलं की मशीन बंद.

"काका, ही कोण?" मी विचारलं.

"लोणच्याची बाई."

"खरीखुरी आहे? कुठे राहते?"

बाबांनी डोळे वटारले. काकांनी मात्र एक कागद माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. घडी घालू नको हां."

परतताना बसमध्ये बाबा हळूच म्हणाले, "त्यांची बायको गं. तिचा फोटो बघून पेंटरने चित्र काढलं. मागच्या वर्षी गेली ती."

काका रंगाच्या बाबतीत कडक आहेत, एवढंच मला सकाळी वाटलं होतं. ते रोज काय बघत होते, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

त्या दिवशी बसमध्ये पुढे बसायला जागा मिळाली, तरी मी उभीच राहिले, कागद दोन्ही हातांवर सपाट धरून.