चार्जिंगच्या तोंडाला कुंकू

चार्जर लावला, दिवा लाल. काढला, पुसला, पुन्हा लावला. लालच. कंपनीचे देशमुख साहेब हाताची घडी घालून उभे. आमचे प्रिन्सिपॉल कधी माझ्याकडे, कधी साहेबांकडे बघतायत. आणि मी? मी स्कूटरला कान लावून बसलेय. इलेक्ट्रिक स्कूटरला!

जन्मभर डिझेल मेकॅनिक शिकवलेली बाई दुसरं काय करणार? इंजिन खोकलं की मला कळायचं, नोझल तुंबलंय की पाइपात हवा धरलीय. ही बया खोकतच नव्हती.

"मॅडम, काय म्हणतेय गाडी?" देशमुख साहेबांनी विचारलं.

"मौनात आहे," मी म्हणाले.

नाशिकच्या एका आयटीआयमधली ही गोष्ट. माझी निवृत्ती तोंडावर आलेली. जिल्ह्यात जे कारखाने येणार, त्यांना लागतील तशी पोरं तयार करायची, असं सरकारने ठरवलं. चांगलंच ठरवलं. फक्त गाड्या आधी आल्या आणि शिकवणारे नंतर शिकले. आमचं डिझेल इंजिन वर्कशॉपच्या मागे पत्र्याखाली गेलं. त्याचं निर्लेखन झालं, म्हणजे सरकारी भाषेत ते भंगार झालं. त्याच्या जागी या स्कूटर आल्या आणि नव्या ट्रेडची इन्स्ट्रक्टर म्हणून, दुसरं कोणी नाही म्हणून, मी. मला ट्रेनिंगला धाडलं. मी सगळं लिहून घेतलं. त्यातलं निम्मं समजलं. ते निम्मं कोणतं, हे मात्र अजून समजलेलं नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात राहिली, बीएमएस. म्हणजे बॅटरीचा रखवालदार. काही खटकलं की तो दार लावून घेतो, करंट आत घेत नाही. कारणही सांगत नाही. आमच्या अकाउंट सेक्शनसारखाच.

त्या दिवशी कंपनी पोरांना अप्रेंटिस म्हणून निवडायला आली होती. सगळ्यांनाच हवं होतं, पण सविताचं घोडं फारच अडलेलं. सविता सुरगाण्याकडची. दिवाळीनंतर तिच्या घरचे सगळे द्राक्षाच्या कामाला वणीच्या बाजूला उतरतात आणि हंगाम संपेस्तोवर मळ्यातच राहतात. वडिलांनी तिला सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत काम लागलं तर ठीक. नाय तर कात्री घे आणि चल आमच्यासंगं."

आणि दिवस कोणता? खंडेनवमी! तारीख ठरवताना कोणी पंचांग पाहिलंच नाही. कंपनीत सकाळी पूजा करून दुपारी काम सुरू होतं. आमच्या वर्कशॉपची रीत जुनी. हत्यारं एकदा पुजली की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना विश्रांती. कोणी हात लावत नाही.

पूजेतही सकाळी गोंधळच. इतकी वर्षं इंजिनाला हार घालायचो. आता कशाला घालायचा? पोरं म्हणाली, "मॅडम, हिचं इंजिन कुठंय?" मोटर चाकात लपलेली, बॅटरी सीटखाली. गाडी तपासायच्या लॅपटॉपला कुंकू लावायला मन होईना. शेवटी मी बुद्धी चालवली. (तरुणपणी माझी बुद्धी अशीच चालायची. पहिल्या नोकरीत मी इंजिन ऑइल चाखून त्याचा दर्जा सांगायचे. कोणी विचारलेलं नसताना.) म्हटलं, जिथून गाडीत जीव जातो ते तिचं तोंड. चार्जिंगचं झाकण उघडलं, हळद लावली, कुंकू कालवून चांगला ठसठशीत टिळा लावला, वर अक्षता. प्रिन्सिपॉलांनी फोटोसुद्धा काढला.

आणि आता दिवा लाल.

"पोरांना शोधू दे बिघाड," देशमुख साहेब म्हणाले. "मला तेच बघायचंय."

"सर, आज पाना उचलायचा नाय," मागून पोरांचा आवाज.

"अरे, नोकरीचा प्रश्न आहे!" प्रिन्सिपॉल ओरडले.

"सर, तुम्हीच तर आरती म्हटली."

माझं डोकं चालेना. रीत मोडावी तर पोरं बिथरणार, पाळावी तर कंपनी निघून जाणार. तेवढ्यात सविता पुढे आली.

"मॅडम, आपण शेवटचा हात विचारलाच नाय."

हा माझा डिझेलच्या दिवसांतला नियम. बिघाड शोधण्याआधी विचारायचं, गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला? निम्मे बिघाड त्या हातातच सापडतात. नव्या ट्रेडमध्येही सवयीने तो सांगत राहिले होते. स्वतः मात्र कान लावून बसले होते.

"काल गाडी चार्ज झाली होती," सविता म्हणाली. मग जरा थांबली. "आज शेवटचा हात तुमचाच, मॅडम."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग देशमुख साहेब फिस्सकन हसले.

सविताने सीट उघडून बॅटरीचा मेन स्विच पाडला. मग पोर्टमध्ये टॉर्च मारला. आत ओलं कुंकू पिनांवर उतरलेलं आणि अक्षतेचा एक दाणा मधोमध अडकलेला. रखवालदाराने दार का लावलं, ते मला तेव्हा उमगलं. माझ्याही तोंडात असं कोणी कुंकू भरलं असतं, तर मीही लावलं असतं.

"साफ करायला हत्यार उचलावं लागेल," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"ब्रशला कोणी पुजलंय, सर?" सविताने रंगाचा कोरा ब्रश घेतला, पिनांवर क्लिनरचा फवारा मारला, सगळं घासून काढलं आणि सुकू दिलं. आम्ही सगळे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो. मग तिने स्विच वर केला, चार्जर लावला.

दिवा हिरवा.

देशमुख साहेबांनी तिला एकच विचारलं, "आधी मेन स्विच का पाडला?"

"हात माझा आहे ना, सर."

सविताची निवड झाली. रुजू व्हायच्या दिवशी तिचे वडील आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ह्या गाड्यांचं काम किती वर्षं टिकंल?"

"डिझेल जवळजवळ माझ्या निवृत्तीपर्यंत टिकलं. याचं मला सांगता येत नाही," मी खरं तेच सांगितलं.

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. द्राक्षाचं तरी कोणाला सांगता येतं?"

मी निवृत्त झाले. मधे एकदा नातीला घेऊन वर्कशॉप दाखवायला गेले. अभ्यासक्रम पुन्हा बदलला होता, नवीन इन्स्ट्रक्टर माझ्याइतकाच गोंधळलेला दिसला. बरं वाटलं. स्कूटरच्या वर भिंतीवर सविताच्या अक्षरातली सूचना मात्र अजून होती. "पूजेआधी चार्जिंगचे झाकण बंद करावे."

सरकारी अभ्यासक्रमात हे अजून आलेलं नाही.