आईच्या दंडावरचं इष्टलिंग

आईच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा मला आधी भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि चौकशा करायची खोड जुनीच आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरे ठिपके दिसले आणि मी विचारतच सुटले: हे कशाचे बनतात, किती वर्षांचे असतील? आई नुसती छताकडे बघत होती. वर्षभर जेवणानंतर तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची, पार पाठीत खवाट्यापर्यंत जायची. पित्त झालं म्हणून ती ओवा चावायची आणि सोमवारचा उपास आणखी कडक करायची. उपासानं पित्ताशयाचं काहीच भलं होत नव्हतं, हे आम्हाला परभणीच्या दवाखान्यात आल्यावर कळलं.

सूज फार होती. खडा नळीत सरकला तर जिवावर बेतेल, उद्या सकाळीच दुर्बिणीतून ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले. आई तयारही झाली. सकाळी सिस्टरनं हिरवा गाऊन आणून दिला आणि गळ्यातलं सगळं काढून ठेवा म्हणून सांगून ती गेली. तिथंच सगळं अडलं.

आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नाही. जीव गेला तरी ते अंगावेगळं करायचं नाही, ही तिला सासूची शिकवण. मी माझं कॉलेजात असतानाच काढून ठेवलं होतं, त्यामुळं मला तिचा हट्ट कळेना. मी समजावलं, रागावले, शेवटी रडलेही. तिनं डबी मुठीत धरली आणि म्हणाली, "काढणार न्हाई मी. घरी चल." एवढी शिकलेली मी, पण त्या वेळी माझी अक्कल गहाण पडली होती.

तेवढ्यात हातात डबा घेतलेली एक बाई आमच्या खोलीत आली. बोरी गावाकडची होती. बहिणीला भाकरी द्यायला आलेली, मजला चुकली होती. आमचे चेहरे बघून तिनं काय झालं म्हणून विचारलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर मला म्हणाली, "ताई, डॉक्टरला इचारलं का तुमी? ते चांदी काढा म्हणायले आसतील. देव काढा कोण म्हणायलंय?"

खरंच, जगाला प्रश्न विचारणारी मी एवढं एक विचारायचं विसरले होते. तिच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी लिंग दंडाला बांधलं होतं म्हणे. आईच्या लिंगाला तिनं हात लावला नाही. कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्याच दंडाला बांधून दाखवली. मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या दंडावरची सुपारी बघितली. धातू नको आणि सलाईनच्या हाताला नको, बाकी हरकत नाही, म्हणाले. आईनं स्वतः डबीतून लिंग काढलं, सिस्टरनं दिलेल्या स्वच्छ पट्टीत गुंडाळलं आणि माझ्याकडून दंडावर बांधून घेतलं. मग ती आपल्या पायांनी चालत आत गेली.

ऑपरेशन नीट झालं. त्या बाईचे आभार मानायला मी तिन्ही मजले पालथे घातले, पण ती भेटली नाही. डबा देऊन गेली असेल. ती वाट चुकली की तिला कुणी पाठवलं, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत राहिले. आता उत्तर शोधत नाही, नुसते हात जोडते.

घरी आल्यावर एकदा आईला विचारलं, एवढी खात्री कशी गं तुला देवाची? तिनं गळ्यातली डबी मुठीत घेतली. मग म्हणाली, "खात्री कशाची, माय. लय भ्या वाटत होतं मला. म्हणून तर सोडवत नव्हतं." तिला भीती वाटतेय का, हे त्या सकाळी मी एकदाही विचारलं नव्हतं. शरण जायला आधी निर्भय व्हावं लागतं, अशी माझी समजूत होती. आई तर सगळी भीती घेऊनच त्याला बिलगली होती, आणि त्यानं तिला तशीच जवळ घेतली.