चढणीवर गेलेला तास

माझा आजार मी स्वतःच शोधून काढला, आणि तोही वेळ जात नव्हता म्हणून. साठ साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी पवना नदीच्या काठच्या एका गावात सरकारी उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्र म्हणजे पंचायतीनं दिलेली एक खोली, एक टेबल, लोखंडी कपाट आणि स्टोव्ह. दर बुधवारी गावातल्या आणि वरच्या वाड्यांतल्या पोटुशी बाया तपासायला यायच्या. त्यांची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळायची. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं-नारिंगी झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर भरपूर.

त्या बुधवारी पावसानं ओढ्याला पाणी आलं आणि कुणीच आलं नाही. मी सकाळपासून चौथ्यांदा लघवीला जाऊन आले होते. तांब्याभर पाणी पिऊनही घसा कोरडाच. मनात आलं, बसल्या बसल्या आपलीही बघू. नळी तापली आणि हिरव्या-पिवळ्यावर न थांबता सरळ लाल झाली. औषध जुनं झालं असेल म्हणून नवी बाटली फोडली आणि पुन्हा उकळलं. पुन्हा लाल. मी स्टोव्ह बंद केला, नळ्या धुऊन उपड्या घातल्या आणि बाकावर बसून राहिले. मला बेचाळिसावं चालू होतं.

मग मागच्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. मी कामशेतला राहायचे आणि एस्टीनं उपकेंद्रावर जायचे. तिथला स्टेशनचा पूल चढताना मी मधल्या टप्प्यावर कठड्याला धरून उभी राहायचे आणि गाडी बघत असल्याचं सोंग करायचे. वेणी घालताना हात वर राहत नसत. कोपर मांडीवर टेकवून, मान वाकवून मी केस विंचरायचे. एकदा परातीत पीठ भिजवता भिजवता भिंतीला टेकले आणि तशीच झोपले. चिंचवडच्या कारखान्यातून नवरा घरी आला तेव्हा हाताला पीठ वाळून पापुद्रे धरले होते.

"तुला झालंय तरी काय?" त्यानं विचारलं होतं.

"काही नाही. दमले," मी म्हणाले होते.

"एवढं काय दमायचं? वाड्यांवरच्या बाया डोक्यावर मोळी घेऊन दोन डोंगर उतरतात."

तो रागानं बोलला नव्हता, पण ते मला लागलं. कारण मीही स्वतःला तेच विचारत होते.

लोणावळ्याला बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे पारशी डॉक्टर होते. माझ्या खात्यातलं कुणी तिकडे जात नसे, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "भात बंद. साखर बंद. आणि बाई, गोळी घेतली की खायचा. अर्धा तासात खायचा. गोळी पोटात आणि पोट रिकामा, असा कधी नाय करायचा. तू नर्स हाय, तुला समजते."

मावळात राहून भात बंद. आंबेमोहराचं खळं झालं की सगळ्या गावात त्याचा वास भरून राहतो, आणि आम्ही दोघं नाचणीची भाकरी मोडत बसायचो. नवऱ्यानंही माझ्यासाठी भात सोडला होता. तेही मला नकोसं व्हायचं. त्याच्या ताटाकडे बघताना आपण कुणाचं तरी काहीतरी घेतलंय असं वाटे.

पण भाताचं काही नाही. खरा त्रास दुसऱ्या गोळीचा होता. ती सुरू झाली आणि तोंडाला एक चव आली, पितळेचा चमचा चोखत बसल्यासारखी. ती जायचीच नाही. सकाळी भाकरीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. त्यात जुलाब. पुरुषाला रस्त्याकडेला वळता येतं. पांढरी साडी नेसलेली नर्सबाई एस्टीतून मध्येच उतरून कुठं जाणार? म्हणून मी निघण्याआधी खाणंच कमी केलं. घोटभर चहा, बिनसाखरेचा, आणि भाकरीचा तुकडा. गोळ्या मात्र नेमानं घेत होते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून बाया त्या गटारात टाकायच्या आणि मी त्यांना फाडफाड बोलायचे. आता आपलीच गोळी कशी टाकायची?

डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "थोडे दिवस. सवय होईल." सवय झाली नाही.

खात्यात मी कुणाला सांगितलं नाही. मेडिकल ऑफिसर नवे होते, तरुण होते, नियमाचे पक्के. डोंगर चढायची नोकरी आणि डोंगर चढायला नालायक बाई, हे कागदावर आलं तर पुढचा कागद कसला येईल हे मला माहीत होतं. दुपारी दोननंतर अंगातलं सगळं बळ ओसरायचं. खोलीचं दार पुढं करून मी टेबलावर डोकं ठेवायचे. कुणी आलं की "लिहीत होते" म्हणायचे.

नवरात्र आठवड्यावर आलं होतं. भात निसवून लोंब्या आल्या होत्या, ऊन कडक पडायला लागलं होतं. त्या दिवशी सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या, भाकरीचे चार घास खाल्ले आणि ते मोरीत उलटले. गाडीची वेळ झाली होती. दुपारी डबा खाऊ असं म्हणून तशीच निघाले. उपकेंद्र उघडून तास झाला असेल, तोच वरच्या वाडीतला एक माणूस पळत आला. त्याची बायको माझ्या बुधवारच्या बायांपैकी होती. दुसरी खेप, पहिली मुलगी.

"बाई, चला बिगीनं. पोराचा पाय भाईर आलाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तांबडं फुटल्यापासनं कळा चालू हायत्या. पाय आत्ता आला. आई म्हनली, हे माझ्या हातातलं काम न्हाई, नर्सबाईंला आन."

त्याची आई वाडीची सुईण. तिनंच हात आखडता घेतला म्हणजे प्रकरण अवघड, हे मला कळलं. मी पेटी घेतली. डबा टेबलावरच राहिला.

वाडी दीड तासाच्या चढणीवर. पेटी त्यानं डोक्यावर घेतली होती, तरी मला पाय उचलवेना. अर्ध्या वाटेवर घाम फुटला, उन्हाचा नव्हे, गार. बोटं थरथरायला लागली. रिकाम्या पोटी गोळीनं रक्तातली साखर उतरली की असंच होतं, मला हे सगळं पाठ होतं. माझ्या पिशवीत कागदाच्या पुडीत साखर होती, अशाच वेळेसाठी डॉक्टरांनी ठेवायला लावलेली. ती काढायची एवढंच करायचं होतं. पण साखर कमी झाली की पहिल्यांदा अक्कल जाते, हे मी पुस्तकात वाचलेलं, तेव्हा कळलं. पिशवी खांद्याला होती आणि पिशवीत काय आहे हे मला आठवत नव्हतं. मी बांधावर बसले. त्यानंतरचं मला धड आठवत नाही. त्यानं मागाहून जे सांगितलं त्यावरूनच मी हे जुळवलंय.

"बाई, उठा. बसू नका," तो म्हणत होता.

मी म्हणे हसले आणि त्याला विचारलं, "तिकीट काढलं का?"

त्याला वाटलं, बाईंना झाडानं धरलं, भूत लागलं. त्यानं माझा हात धरून उठवलं, तर मी त्याला ढकललं आणि आडवी झाले. वर बायको अडलेली, खाली मी. त्यानं पेटी माझ्या उशाशी ठेवली आणि वाडीकडे धूम ठोकली. आईला सांगितलं. ती म्हातारी लेकराच्या पायाला फडकं गुंडाळून बसली होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "घामानं भिजलीया न्हवं? भुकेनं आलं आसंल. गुळाचा चा ने." घरात सुनेसाठी काळा चहा उकळत होता. त्यात गुळाचे खडे टाकून तांब्या घेऊन तो पुन्हा उतरला. माझं डोकं मांडीवर घेऊन त्यानं तो मला पाजला. अर्धा तर साडीवर सांडला. तासभर असाच गेला.

शुद्ध आली तेव्हा तो रडत होता. "बाई, चालवंल का?" एवढंच म्हणाला.

मी चालले. कशी ते माहीत नाही.

झोपडीत शिरले तेव्हा मूल मानेपर्यंत बाहेर आलेलं होतं आणि डोकं अडकलेलं. अंग निळं-काळं. मी नाळेला हात लावला. नाळ थंड होती. बाई डोळे मिटून होती, ओठ चावून फुटलेले. म्हातारी मुलाचं अंग दोन्ही हातांनी तोलून बसली होती.

बोटं अजून कापत होती. मी मुलाच्या तोंडात बोट घालून हनुवटी खाली घेतली, म्हातारीला वरून पोट दाबायला सांगितलं आणि डोकं सोडवलं. मुलगा होता. म्हातारीनं त्याला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यात ठेवलं. मग रक्त सुटलं. इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना माझ्याच बोटात काच घुसली. पहिल्यांदा सुई चुकली, दुसऱ्यांदा नीट बसली. पाऊण तास मी तिचं पोट चोळत बसले. रक्त थांबलं. ती जगली.

बाहेर आल्यावर म्हातारी माझ्याशेजारी बसली.

"मावशी," मी विचारलं, "मी वेळेवर आले असते तर?"

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "पायाळू पोर. समदीच जगत्यात आसं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "पन बाई, तुमचं आंग बरं न्हाई तर तुमी कशाला येता वो? दुसरी बाई न्हाई का सरकारकडं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि चटणी वाढली, त्याच घरात, मूल कोपऱ्यात असताना. आणि मी ती खाल्ली, कारण न खाता मी खाली उतरू शकले नसते. परत जाताना तो माणूस पेटी घेऊन गावापर्यंत आला. कुणाकडं तक्रार केली नाही. त्याला तक्रार करता येते हेच माहीत नसावं.

नोंदवहीत मी लिहिलं: पायाळू, मृत जन्म. कारण लिहिलं नाही.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता ही नोकरी सोड." मी म्हणाले, "सोडून काय करू?" तीन आठवडे मी कामावर जात राहिले. पिशवीतली साखर पोलक्यात ठेवली, डबा वाटेतच खायला लागले, दुसरी गोळी बंद केली. लोणावळ्याचे डॉक्टर माझ्यावर ओरडले, ती आधी का नाही सोडलीस म्हणून. त्यांनीच सवय होईल म्हटलं होतं हे ते विसरले होते. पण वरून कुणी पळत येताना दिसलं की मी आधी पोलक्यातली पुडी चाचपायचे. चौथ्या आठवड्यात मी मेडिकल ऑफिसरच्या समोर जाऊन उभी राहिले आणि आजाराचं आणि त्या दिवसाचं, दोन्ही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही लेखी देणार?"

"हो."

"बाई, तोंडी राहू द्या ना. मूल तसंही गेलंच असतं कदाचित."

"कदाचित," मी म्हणाले आणि लेखी दिलं.

चौकशी झाली नाही. माझी बदली झाली, लोणावळ्याच्या बाजूला एका दवाखान्यात, टेबलाच्या कामावर. केसपेपर काढायचे, गोळ्या पुड्यांत बांधायच्या. चढण नाही, कळा नाहीत. मी वीस वर्षं जे करत होते ते गेलं. उपकेंद्रावर दुसरी नर्स आली, तरुण होती, सायकल चालवायची.

दोन वर्षांनी ती वाडीची बाई मला कामशेतच्या बाजारात भेटली. पोटुशी होती, सहावा-सातवा असेल. तिनंच हाक मारली. विचारपूस झाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "बाई, तुमी आता आमच्याकडं येत न्हाई ना?"

"नाही. आता नवीन बाई आहेत."

"मग बरं," ती म्हणाली. लगेच जीभ चावली तिनं. "तसं न्हवं, तुमास्नी लय चढ पडतो म्हनून."

"कळलं मला," मी म्हणाले. तिला या खेपेला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, आणि जड काही उचलू नकोस म्हणून सांगितलं. ती हो हो म्हणाली. तिचा नवरा तांदळाच्या दुकानापाशी उभा होता. त्यानं लांबूनच हात जोडले. जवळ आला नाही.

तिला मुलगा झाला आणि जगला, असं पुढं कुणाकडून तरी कळलं. मला त्या बातमीनं आनंद झाला, पण हलकं वाटलं नाही.

थकवा गेला नाही. गोळ्या बदलल्या, पुढं इन्सुलिनची सुई आली. आता दुपारी मी उघडपणे आडवी होते. तळपायांना जमीन जाणवत नाही. चपला घातल्यात की नाही हे खाली वाकून बघावं लागतं. नवरा सकाळी माझ्यासमोर बसतो आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठत नाही. भाकरी संपली की तो ताट उचलून मोरीत ठेवतो.